नांगर नाही, मग भात फुकटच?

तुम्ही विचारलंत म्हणून. दर पावसाळ्यात विचारता. ऑफिसात दुपारच्या जेवणाला, कर्जत लोकलमध्ये, परवा तर मुलुंडला सोसायटीच्या जिन्यात: ‘नांगरणी नाही, लावणी नाही, मग भात फुकटच पडत असेल ना?’

नाही पडत.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांची एसआरटी, म्हणजे ‘सगुणा राइस टेक्निक’ ही बिननांगरणीची भातपद्धत, आमच्या सव्वा एकरात मीच आणली. काका तयार नव्हते. गादीवाफे एकदाच करायचे, साच्याने भोकं पाडून बी टोकायचं. रोपांसाठी राब भाजणं नाही, चिखलणी नाही. पहिल्या वर्षी टिलरचं भाडं वाचलं, लावणीची मजुरी वाचली, आणि मी एका हंगामाच्या जोरावर गाडीभर बायकांना हिशेब ऐकवत सुटले. तुम्हाला ‘फुकट’ वाटतं, त्यात माझाही हात आहे.

२०२४ साली टोकणी झाली. शेतात पाणी उभं राहिलं की तण दबतं. वाफ्यावर पाणी नाही, म्हणून ते काम तणनाशकाने करायचं, तेही एक-दोन दिवसांत, भात वर यायच्या आत. काकांच्याने पाठीवर पंप घेववत नाही. मला ऑडिटमुळे रजा नाही. ‘रविवारी येते,’ म्हटलं. शनिवारी रात्री लागलेला पाऊस बुधवारपर्यंत हटला नाही. पुढच्या रविवारी बांधावर उभी राहिले तर भात कुठलं नि गवत कुठलं, कळेना. काका शेजारच्या शेतातली लावणी बघत बसले होते. माझ्याकडे बघितलंच नाही.

बेणणीला, म्हणजे तण उपटायला, बाया बघायला वाडीवर गेले. दरवर्षी आमच्याकडे लावणीला येणारी एक म्हणाली, ‘लावणीला नको झालो होतो ना ताई? आता बरी आठवण आली!’ काय बोलणार? मी ‘वाचवली’ म्हणून मिरवत होते ती मजुरी हिचीच होती. सहा जणी, चार दिवस, सहाशे रुपये रोज: १४,४०० रुपये. त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला २,३००. म्हणजे सव्वासहा क्विंटल भात नुसत्या बेणणीत.

मग सोडलं का? नाही. मुळं जमिनीतच राहतात, माती भुसभुशीत झालीय, भातामागे न नांगरता वाल येतो; काकासुद्धा हल्ली वाल आपणच लावल्यासारखे दाखवतात. पण माझ्या रविवारांची मजुरी मी अजून वहीत धरत नाही, रेल्वेचा पासही नाही. धरला तर काकांचा नांगरच स्वस्त निघेल, अशी धास्ती आहे.

यंदा फवारणीसाठी दोन दिवसांची रजा टाकलीय. अजून मंजूर झालेली नाही.