फोर्ट लाउडन : डोंगरातला रस्ता टाळा, चोटा टाळू नका

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातील फोर्ट लाउडन हा किल्ला जाताजाता तासाभरात पाहून होतो, असे आम्हाला दोघातिघांनी सांगितले होते. त्यांच्या भरवशावर केलेली आखणी साफ चुकली, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनातील चेरोकी गावाहून निघालो आणि मोबाइलमधल्या नकाशाने आम्हाला डील्स गॅपच्या रस्त्यावर घातले. तिथे 11 मैलांत 318 वळणे आहेत. मागून मोटारसायकलींचे थवे येत होते, फोनला रेंज नव्हती, धाकटीला दोनदा उलटी झाली आणि गाडी बाजूला घेण्याजोगी जागा सापडेपर्यंत आमचे हातपाय गार पडले. लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील, तर त्या रस्त्याने अजिबात जाऊ नका. वेळ जास्त लागला तरी गॅटलिनबर्ग, मेरीव्हिलवरून या. पत्त्यात व्होनोर हे गावही टाका, कारण फोर्ट लाउडन याच नावाचे धरण दूर लेनॉर सिटीजवळ आहे.

मात्र त्या डोंगरामुळेच हा किल्ला मला कळला. फ्रेंचांविरुद्ध लढायला आमचे तरुण गेले तर मागे बायकामुलांचे रक्षण कोण करणार, असे म्हणत इथल्या चेरोकी या मूळनिवासी लोकांनीच इंग्रजांकडे हा किल्ला मागितला आणि 1756 मध्ये साउथ कॅरोलिना वसाहतीने त्याचे काम सुरू केले. सुमारे 300 पौंड वजनाची एकेक तोफ, अशा 12 तोफा घोड्यांच्या पाठीवरून हे डोंगर ओलांडून आणल्या गेल्या. पुढे व्हर्जिनियाच्या सीमेवर गोऱ्या वसाहतवाल्यांनी घरी परतणारे चेरोकी योद्धे मारले. त्यानंतर बोलणी करायला आलेल्या चेरोकी प्रमुखांना साउथ कॅरोलिनाच्या गव्हर्नरने ओलीस धरले आणि फेब्रुवारी 1760 मध्ये फोर्ट प्रिन्स जॉर्ज या इंग्रजांच्या दुसऱ्या किल्ल्यात त्या ओलिसांची कत्तल झाली. तेव्हा लाउडनला वेढा पडला. सुटकेसाठी निघालेली इंग्रज सेनानी माँटगोमेरीची फौज जूनमध्ये डोंगरातूनच मागे फिरली आणि शिबंदीवर घोडे खाण्याची पाळी आली. त्या दिवसांतही सैनिकांशी संसार मांडलेल्या चेरोकी स्त्रिया आत धान्य नेत राहिल्या. ठार मारण्याची धमकी मिळाली तेव्हा, आमचे नातलग त्याचा सूड घेतील, असे त्यांनी सरळ सुनावले. 9 ऑगस्टला किल्ला रिकामा झाला आणि दुसऱ्या पहाटे केन क्रीकजवळ त्या तुकडीवर हल्ला होऊन किल्लेदार पॉल डेमेरे व वीसहून अधिक सैनिक मारले गेले. किल्ल्यात पुरून ठेवलेली बंदुकीची दारू सापडली, हे त्याचे कारण सांगितले जाते. माझ्या मते ओलिसांच्या कत्तलीला तितकेच वजन दिले पाहिजे.

प्रत्यक्ष किल्ल्याबद्दल आधी कोणीच न सांगितलेली गोष्ट अशी की, आज दिसतो तो मूळ किल्ला नव्हे. 1979 मध्ये टेलिको धरणाचे पाणी चढले. त्याआधी उत्खनन करून मूळ जागेवर भराव घातला गेला आणि त्या उंचावलेल्या जमिनीवर किल्ला नव्याने बांधला. मातीचा बांध, लाकडी कठडा, चार बुरुज आणि खंदकात काटेरी झाडांचे कुंपण अशी रचना आहे. दगडी तटबंदीची सवय असलेल्या आपल्या नजरेला तो आधी किरकोळ वाटतो, पण पाण्याकडच्या बुरुजावर निवांत उभे राहिल्यावर बाहेरून मदत येणे किती अवघड होते, ते दिसते. आत सावली कमी आहे, म्हणून सकाळीच जा आणि आधी संग्रहालय पाहा. चेरोकी लिपी तयार करणाऱ्या सेक्वोयाच्या नावाचे जवळचे संग्रहालय चेरोकींचे स्वतःचे आहे, तेही पाहावे. धरणाआधी उकरलेले चेरोकींचे अवशेष तिथल्या टेकाडात पुन्हा पुरले आहेत.

स्मोकी माउंटन्समधले नंतरचे दोन दिवस उत्तम गेले, त्यांच्याबद्दल भरपूर माहिती सगळीकडे मिळते.

तुम्हाला एकच गोष्ट वाढवता येत असेल, तर चोटा वाढवा. चेरोकींची ही राजधानी किल्ल्यापासून नदीच्या वरच्या अंगाला होती. टनासी हे शेजारचे गाव, ज्यावरून राज्याला नाव मिळाले, आता पाण्याखाली आहे. चोटाला आठ खांबांचे स्मारक आहे, सात कुळांचे सात आणि राष्ट्राचा एक. आम्ही पोचलो तेव्हा तिथे दुसरे कोणीही नव्हते आणि दिवसभराचा शीण असूनही आमचा पाय निघेना. खांबांजवळच ओकोनोस्टोटाची समाधी आहे. वेढ्याच्या काळातला हा युद्धप्रमुख उत्खननात सापडला, तेव्हा त्याच्या अस्थींबरोबर त्याचा चष्मा होता, आणि त्यावरून त्याची ओळख पटली.