आजोबांच्या ट्रंकेतली पट्टी आणि एका डाकोटाचा माग

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या घरी खंडेनवमीला विळा, कोयता, पाना, पक्कड यांच्या शेजारी तळहाताएवढी ॲल्युमिनियमची एक पट्टी पुजली जाते. आजोबांनी ती १९४४ साली लढाईवरून आणली. ‘पडलेल्या विमानातली’ एवढीच तिची ओळख, आणि त्या विमानातली सगळी माणसं जळून गेली, ही तिच्यासोबत चालत आलेली गोष्ट. ते विमान कोणतं, कुठं पडलं, पुढं त्याचं काय झालं, याचा माग मला लागला. तो कसा लागला हे लिहून ठेवतोय, कारण सातारा जिल्ह्यात फौजेतल्या माणसांच्या अशा ट्रंका अजून कितीतरी माळ्यांवर पडून आहेत.

पहिलं काम पट्टी वाचण्याचं. वर्षानुवर्षांचं हळदीकुंकू अक्षरांच्या खाचांत घट्ट बसलं होतं. चिंच लावून घासून काढावी असं घरच्यांचं म्हणणं, पण उथळ ठसे त्यात कायमचे गेले असते. मऊ ब्रश आणि साधं पाणी एवढ्यावर भागवलं. मग खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी पट्टीला जवळजवळ टेकवून आडवी धरली. असं केलं की प्रत्येक आकड्याची कड सावलीनं उठून दिसते. वर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल तिरपी फिरवली. ‘डग्लस’ हे कंपनीचं नाव आधीही वाचता यायचं, पण त्याखाली ठोकलेला क्रमांक कागदावरच उमटला. एक आकडा तीन की आठ हे मात्र ठरेना, नेमकं तिथंच खिळ्याचं भोक होतं. दोन्ही शक्यता वहीत लिहून ठेवल्या.

डग्लसचं सी-४७ हे मालवाहू विमान म्हणजे ब्रिटिशांचं डाकोटा. विमान अमेरिकेत बनलं म्हणून उडवणारेही अमेरिकनच असतील, असं धरून चालत नाही. मित्रराष्ट्रांना युद्धसामग्री पुरवण्याच्या अमेरिकेच्या लेंड-लीज करारानं यातली पुष्कळ विमानं ब्रिटिश हवाई दलाला मिळाली होती आणि आजोबांच्या लढाईत, मणिपुरातल्या इंफाळवर, दोघांचीही उडत होती. शोधाची वाट इथंच फुटते. अमेरिकन विमान बेपत्ता झालं असेल, तर त्याचा ‘मिसिंग एअर क्रू रिपोर्ट’ अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असतो. ब्रिटिश असेल तर लंडनच्या क्यू भागातल्या अभिलेखागारात जावं लागतं. पट्टीवरच्या कारखान्याच्या क्रमांकावरून अमेरिकन लष्करी क्रमांक मिळतो, त्याच्या सुरुवातीला मागणीच्या आर्थिक वर्षाचे दोन आकडे असतात. त्यावरून ब्रिटिशांनी दिलेला क्रमांक निघतो, दोन अक्षरं आणि तीन आकडे, एफएल किंवा केजी असा. हौशी अभ्यासकांनी या सगळ्या याद्या जुळवून ठेवल्यात, त्या माणसांचे उपकार मानावे तेवढे थोडे. माझ्या दोन क्रमांकांपैकी आठवालं विमान भारताकडे आलंच नव्हतं. तीनवालं ब्रिटिशांचं निघालं.

आता जागा. आजोबांचं डिस्चार्ज बुक घेऊन साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण. ही पलटण मार्च १९४४ मध्ये मणिपुरातच सांगशाकला जपान्यांशी लढली. पुढे २९ मार्चला कोहिमा-इंफाळ रस्ता जपान्यांनी तोडला, तो २२ जूनला मोकळा झाला. या मधल्या काळात इंफाळच्या खोऱ्यातली अख्खी फौज आकाशातून जगवली गेली. तांदूळ, आटा, पेट्रोल, तोफगोळे घेऊन डाकोटा उतरायची आणि जखमी, आजारी माणसं घेऊन परत उडायची. उतरायच्या धावपट्ट्यांपैकी एक पलेलची. तिच्या वरच्या अंगाला शेनामचे डोंगर, आणि पुढे तिथं याच पलटणीची डिव्हिजन ठाण मांडून होती.

ब्रिटिश स्क्वॉड्रनांच्या, म्हणजे हवाई दलाच्या तुकड्यांच्या, रोजनिशा क्यूच्या ‘एअर २७’ या मालिकेत आहेत, आणि थोडे पैसे भरून घरबसल्या पानं उतरवून घेता येतात. त्यात दोन प्रकारचे कागद असतात. फॉर्म ५४० म्हणजे रोजची हकिकत. फॉर्म ५४१ मध्ये कोणतं विमान, कोणती माणसं, किती वाजता गेली, कधी आली. शोधायचं ते ५४१ मध्ये, कारण तिथं विमानाचा क्रमांक असतो. आमचा क्रमांक एके सकाळी पलेलसमोर सापडला. ओली धावपट्टी, विमान टोकापलीकडं गेलं, चाकं मोडून पोटावर बसलं. आतली चारही माणसं सुखरूप.

हे मी आत्याला सांगितलं. ऐंशी ओलांडलेली आत्या बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “घरी पोचली का मग ती माणसं?” याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. म्हणून पुढच्या महिन्यांची पानंही मागवली. चौघांची नावं पुन्हा दिसू लागली, आधी दोघं एका विमानात, मग चौघं एकत्र. वर्षाअखेरीपर्यंत ती दिसतात, पुढं बदली. मग युद्धात मेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत चौघांना शोधलं. एक सांगतो, मृतदेह न मिळालेल्या वैमानिकांना फक्त खडकीच्या किंवा इंफाळच्या दफनभूमीत शोधू नका. दक्षिण आणि पूर्व आशियातल्या मोहिमांत हरवलेल्यांची नावं सिंगापूरच्या स्मारकावर आहेत. आमच्या चौघांचं नाव त्या यादीत कुठंच नाही. आत्याला तसा निरोप दिला.

जळून मेलेल्या माणसांची गोष्ट मग आली कुठून? जुलैच्या सुरुवातीला जपानी तुकडीनं रात्री पलेलच्या धावपट्टीवर घुसून उभी विमानं सुरुंगांनी उडवली होती. माझ्या मते आजोबांनी ती आग पाहिली किंवा ऐकली, आणि दोन्ही घटना आठवणीत एक झाल्या.

सांगाड्याचं काय झालं, तेही कागदावर आहे. नुकसानीला आधी ‘बी’ वर्ग दिला, म्हणजे जागेवर न होणारी दुरुस्ती. नंतर तो ‘ई’ झाला, म्हणजे मोडीत. इंजिनं, पंखे, उपकरणं दुसऱ्या डाकोटांना गेली, टरफल तिथंच राहिलं. पट्टी तेव्हाच निघाली असणार. जे विमान लोकांच्या लेखी जळून खाक झालं, त्याची इंजिनं पुन्हा इंफाळला धान्य घेऊन आली असतील, हे मला फार मोलाचं वाटतं.

विमानाचा क्रमांक इथं देत नाही. चौघांपैकी एकाच्या नातवंडांशी पत्रव्यवहार सुरू आहे, आधी त्यांना सगळं कळू दे. कुणाकडं अशी पट्टी असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, खिळ्यांच्या बाजूचाही, आणि घासू मात्र नका. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला आजोबांच्या नोकरीच्या कागदांसाठी अर्ज गेलाय. पलटणीची युद्ध-रोजनिशी क्यूला ‘डब्ल्यूओ १७२’ मध्ये आहे, तिची पानं यायचीत. त्या आठवड्यात आजोबांची कंपनी पलेलच्या धावपट्टीवर पहाऱ्याला होती का, हे त्यातून कळेल.