तुम्ही विचारलंत म्हणून: राष्ट्राध्यक्ष खोटं बोलला तर महाभियोग लावायचा का?

कोल्हापुरात स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मी राज्यशास्त्र शिकवते, अमेरिका आली की कुणीतरी विचारतंच, मॅडम, नुसतं खोटं बोलला म्हणून राष्ट्राध्यक्षाला काढायचं का? काढायचं, पण प्रत्येक खोट्यासाठी नाही. ते खोटं कशावर पांघरूण घालतंय ते बघायचं.

हे मला पुस्तकाआधी आमच्या गावच्या दूध संस्थेनं शिकवलं. वडिलांच्या म्हशीच्या दुधाचं फॅट सारखं कमी लागायचं, त्यांनी सभेत दप्तर मागितलं तर चेअरमन म्हणाले ऑडिटला गेलंय, आणि ते होतं आतल्या कपाटात. चेअरमन घरी बायकोशी काय खोटं बोलतात ते आम्ही कधी विचारलं नसतं. पण हे खोटं आमचा विचारायचा हक्कच काढून घेत होतं.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निक्सन, त्याचंही तेच. जून १९७२ ला वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कचेरीत घरफोडी झाली आणि सहाच दिवसांनी त्यानं सीआयएकडून एफबीआयचा तपास थोपवायला मान्यता दिली, वर दोन वर्षं लोकांना सांगत राहिला की लपवालपवीत माझा हात नाही. जुलै १९७४ मध्ये संसदीय समितीनं मंजूर केलेल्या पहिल्याच कलमात लोकांची दिशाभूल करणारी जाहीर विधानं हाही आरोप होता. ५ ऑगस्टला ती मान्यता देतानाचं बोलणं असलेली टेप बाहेर आली, ९ ला गडी पायउतार. माझ्या मते तो महाभियोगच लागायला हवा होता, राजीनाम्यानं सुटला.

नंतरचा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन, त्याच्यावर मात्र पोरं माझ्याशी भांडतात. खाजगी संबंध लपवायला तो शपथेवर खोटं बोलला, डिसेंबर १९९८ मध्ये महाभियोग लागला, पण पदावरून काढायचं की नाही ते सिनेट हे वरिष्ठ सभागृह ठरवतं, आणि तिथं फेब्रुवारी १९९९ ला खोट्या साक्षीच्या कलमावर दोषी म्हणणारी ४५ मतं पडली, लागत होती ६७. मला तो निकाल पटतो, आणि हे सांगताना बरं वाटत नाही, कारण शपथ ती शपथ. गेल्या वर्षी एक मुलगी उभी राहिली, म्हणाली, माझा बाप कोर्टात खोटं बोलला तर आत जाईल, मग हा कसा सुटला? तिचा राग खरा आहे. मी तिला एवढंच सांगितलं की खुर्ची राहिली तरी सगळं माफ झालं नाही, कोर्टानं अवमानाबद्दल दंड केला आणि १९ जानेवारी २००१ ला, पद सोडायच्या आदल्या दिवशी, आपली काही उत्तरं खोटी होती हे त्याला कबूल करावं लागलं, पाच वर्षं वकिलीची सनद गेली आणि वर २५ हजार डॉलर भरावे लागले.