लांब ते जास्त

पहिलीतल्या आमच्या चिरंजिवांना पैसे शिकवायचं ठरवलं आणि पहिल्याच पायरीला अडले. घरात पैसेच नव्हते. म्हणजे होते, पण फोनमध्ये. दुकानात मी फोन पुढे धरते, गल्ल्यावरची डबी काहीतरी बोलते आणि पिशवी हातात येते. चाळीस गेले काय नि चारशे गेले काय, फोन आपला तेवढाच जाड. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात आणि त्याच नाशकात पोराला दाखवायला दहाची नोट सापडेना! शेवटी सासूबाई धावून आल्या. त्यांच्या डाळीच्या डब्यात बँकेपेक्षा जास्त सुटे निघाले.

नोटा सतरंजीवर पसरल्या. पठ्ठ्याने कुणी न सांगता त्या लहान-मोठ्या अशा ओळीत लावल्या, आणि ओळ बिनचूक आली. नव्या नोटांची लांबी किमतीबरोबर वाढत जाते. दहाची १२३ मिलिमीटर, पाचशेची १५०. त्याने नियम जाहीर केला, "लांब ते जास्त." मी टाळ्या वाजवल्या. तिथेच चुकलं माझं.

दुसऱ्या दिवशी नाणी काढली. त्याने दोनचं नाणं मुठीत धरलं आणि पाचचं मला परत केलं. दोष त्याचा नव्हता. २०११ साली आलेल्या नाण्यांत दोनचं २५ मिलिमीटर आहे आणि पाचचं २३. "पण हेच मोठंय ना!" आता काय सांगणार? म्हटलं, पाचचं पिवळं छोटं दिसतं, पण जड असतं. असतंही, ते सहा ग्रॅमचं, दोनचं पाच ग्रॅमलाही पुरत नाही. त्याने दोन तळहातांवर दोन नाणी ठेवली, डोळे मिटले, सराफाच्या थाटात थोडं वर-खाली केलं आणि निकाल दिला, "सारखीच."

खरी गंमत मेनरोडला झाली. एका गाडीवर खेळण्यातली जीप पन्नासला होती आणि ट्रक एकोणपन्नासला. "स्वस्त कुठलं?" मी विचारलं. "जीप." का? "पन्नास छोटं असतं. एकोणपन्नास केवढं लांब आहे!"

मी हसले, पण रात्री भांडी लावताना तेच डोक्यात. खरंच, त्या शब्दात पन्नास पूर्णच्या पूर्ण बसलेत, वर आणखी 'एकोण' लागलंय. ऐकणाऱ्याला वाटणारच की पन्नास आणि वर काहीतरी. ते 'एकोण' म्हणजे एक उणा, हे मला कधी कळलं तेही आठवत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने खिल्ली उडवली. मीही उडवली होती. आज 'चाळीस नऊ' म्हटलं असतं तर माझा मुलगा एका क्षणात ट्रक स्वस्त म्हणाला असता. (तरी कानाला ते अजून खटकतंच, काय करणार.)

बुधवारी त्याला गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदाकाठच्या बाजारात नेलं. खिशात सुटे शंभर, फोन पर्समध्ये बंद. वांगी एकीकडे 'पंधराला पाव', चार पावलांवर 'पन्नासला किलो'. त्याने अर्थातच पंधरा निवडले. चार पाव म्हणजे किलो, पंधरा चोक साठ, हे सगळं समजवायला मी तोंड उघडलं तर वांगीवाले काका हसून म्हणाले, "राहू द्या ताई. मोठ्यांना तरी कुठं कळतं? म्हणून तर पावाचा भाव सांगतो आम्ही." एवढा प्रामाणिक माणूस भेटल्यावर वांगी त्यांच्याकडूनच घ्यावी लागली.

पुढे पालेभाजीवाल्या आजी. एक मेथीची जुडी उंच, वीस रुपयांची. दुसरी बुटकी, भरगच्च, पंधराची. चिरंजिवांचा हात उंच जुडीकडे गेला. नियम म्हणजे नियम.

"बाळा," आजी म्हणाल्या, "देठं खातो का पानं?"

"पानं."

"मग त्या उंच जुडीत बघ, पानं कुठून सुरू होतात."

तो उकिडवा बसला. उंच जुडी खालून वर न्याहाळली. पानं पार वरच्या टोकाला. मग बुटकी बघितली, ती बुडापासूनच हिरवीगार. बराच वेळ काही बोलला नाही. मागे गिऱ्हाईकं खोळंबली होती, मी घाई करणार तेवढ्यात त्याने बुटकी उचलली आणि वीसची नोट पुढे केली. आजींनी पाचचं नाणं दिलं. ते त्याने मुठीत घट्ट धरलं, पार घरापर्यंत.

दारातच सासूबाईंनी पिशवीत डोकावलं. "कितीला गं मेथी?"

"दहाला," मी सवयीने म्हणाले. सासूबाईंना भाव सांगताना पाच रुपये खाली, हे लग्नापासूनचं.

"नाही आजी, पंधराला!" त्याने मूठ उघडली. "वीस दिले, हे परत आले. दहा तर कमी असतात."

सासूबाईंनी नाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आणि वांगी कितीला रे राजा?" त्यांनी त्यालाच विचारलं.