चांदीच्या तारांचे जाळे खरोखर शिकते का?

मला ज्या चांदीविषयी लिहायचे आहे, तिला नाशिकच्या सराफ बाजारात गिऱ्हाईक मिळणार नाही. सिल्व्हर नायट्रेट, इथिलीन ग्लायकॉल आणि पीव्हीपी नावाचे बहुवारिक (पॉलिमर) एकत्र तापवले, की द्रावणात केसापेक्षा कितीतरी पटींनी बारीक अशा चांदीच्या तारा वाढतात. ते द्रावण काचेवर पसरून वाळवल्यावर तारा कशाही एकमेकींवर पडतात आणि जाळे तयार होते. त्याचा आराखडा कोणी काढलेला नसतो, तरीही गणन करून घ्यायचे असते ते त्याच्याकडूनच; असे जाळे चक्क ‘शिकते’, असेही म्हटले जाते.

सारी करामत दोन तारा एकमेकींना छेदतात त्या जागी घडते. तारेवर पीव्हीपीचा पातळ थर असल्याने वीज सहजासहजी पलीकडे जात नाही. मात्र पुरेसा विद्युतदाब दिला की चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) त्या थरातून सरकतात, धातूचा सूक्ष्म पूल बांधला जातो आणि रोध झपाट्याने घटतो. दाब काढल्यावर बारीक पूल तुटतो, जाड झालेला काही काळ टिकतो. म्हणजे आता किती वीज वाहील हे याआधी किती वाहिली त्यावर ठरते. लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या मेमरिस्टरच्याच, म्हणजे आधी वाहिलेली वीज ‘लक्षात ठेवणाऱ्या’ रोधकाच्याच, जातीचे हे वर्तन आहे. नेहमीच्या संगणकात प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातील माहितीच्या ने-आणीवर बरीच ऊर्जा खर्च होते; इथे स्मरण आणि गणन एकाच ठिकाणी होत असल्याने ती वाचण्याची आशा आहे.

‘जाळे शिकते’ हे विधान मात्र मला घाईचे वाटते. रिझर्व्हॉयर कम्प्युटिंग या पद्धतीत जाळे आहे तसेच ठेवतात आणि त्यातून बाहेर येणाऱ्या संकेतांना किती वजन द्यायचे, एवढेच शिकवतात. (२००३ मध्ये जाळ्याऐवजी बादलीतल्या पाण्यावरचे तरंगही वापरून झाले आहेत!) सिडनी आणि लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २०२३ मध्ये अशा जाळ्याच्या साहाय्याने हस्तलिखित अंक ९३.४ टक्के अचूकतेने ओळखून दाखवले. पण त्याच अंकसंचावर साधे रेषीय वर्गीकरणही, म्हणजे जाळ्याविना नुसती वजने देऊन केलेली बेरीजही, सुमारे ९२ टक्क्यांपर्यंत पोहोचते.

शिवाय हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदी काळवंडते. पैंजण पॉलिश करून मिळतात, या तारांना ती सोय नाही. दोन जाळी सारखी नसल्याने एकासाठी ठरवलेली वजने दुसऱ्याला लागूही पडत नाहीत. त्यामुळे या विषयावरचा नवा शोधनिबंध हाती आला, की जाळे वगळून तेच काम किती जमले असते आणि तेच जाळे काही महिन्यांनी पुन्हा तपासले का, हे दोन प्रश्न मी आधी विचारतो.