तीन तोळे दोरी

मासेमारीचा, दोन्ही हातांनी फेकायचा तेरा फुटी स्पे रॉड घेऊन गोव्यात शिवोलीला शापोरा नदीकाठी उभं राहिलं, की येणारा-जाणारा आधी माडाच्या शेंड्याकडे बघतो, मग रॉडकडे. "आंबे काढणार की नारळ?" शेजारच्या काकांनी विचारलंच. गरी लावलेलीच नव्हती, टोकाला लाल लोकरीचा गोंडा होता. नवा रॉड आणि नवी लाइन, म्हणजे फेकायची दोरी, वाऱ्यात कशी वागते एवढंच बघायचंय म्हटल्यावर काकांना माझी काळजी वाटायला लागली.

पण माडांचा संबंध आहेच. फ्लाय रॉडमध्ये हलकी गरी दोरीच्याच वजनावर फेकतात; साध्या फ्लाय रॉडनं ही दोरी आधी पाठीमागे लांब उडवावी लागते. मागे झावळ्या असल्या की संपलं. स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवर हीच अडचण होती: मागे उंच काठ आणि झाडी. त्यातून एकोणिसाव्या शतकात तिथल्या सामन मासे धरणाऱ्यांनी ही स्पे फेक घडवली. दोरी पूर्ण मागे जातच नाही. टोक क्षणभर पाण्याला चिकटतं, उरलेली दोरी रॉडमागे फुगते आणि त्या पकडीच्या जोरावर पुढे सुटते. हिरवळीवर याचा अंदाज येत नाही, पाणीच लागतं.

लाइनच्या डब्यावर 540 ग्रेन छापलंय. माप परकं वाटतं खरं, पण जुना तोळा 180 ग्रेनचा, म्हणजे हे नेमके तीन तोळे! वाऱ्यात हे वजन आखूड डोक्यात, म्हणजे लाइनच्या पुढच्या जाड भागात, साठलेलं बरं. लांब, सडपातळ लाइन देखणी दिसते, पण खारे वारे सुटले की तिचा जीव हवेतच जातो.

वारा ज्या बाजूनं येतो, त्याच्या विरुद्ध खांद्यावरून फेकायचं; नाहीतर गरी थेट कानात. शिकवताना मात्र हे प्रवाहावरून सांगतात: स्पे फेकीचे दोन प्रकार, वारा प्रवाहाविरुद्ध असेल तर सिंगल स्पे, प्रवाहाबरोबर असेल तर डबल. स्पे नदीवर ठीक आहे, ती आपली एकाच दिशेनं वाहते. आमची शापोरा ओहोटीला समुद्राकडे जाते आणि भरतीला चक्क मागे फिरते. दुपारचा वारा मात्र समुद्राकडूनच, शिवोलीच्या काठावर डाव्या हाताला. म्हणून ओहोटीत सिंगल आणि भरती लागली की त्याच जागी, त्याच वाऱ्यात डबल. खांदा दोन्ही वेळा उजवाच. मध्ये पाणी थबकतं तेव्हा दोरी ताणलीच जात नाही. तेव्हा चहा प्यावा.

लाइन ठेवतोय. रॉड जरा ताठ आहे, पण वाऱ्यात तो ताठपणा चालतो. आता लांब लाइन पहाटे बघायची, वारा मंद असताना. फक्त तेव्हा मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, म्हणजे उजवीकडून येणारा. म्हणजे फेक डाव्या खांद्यावरून आणि डावा हात वर. आयुष्यभर फक्त पिशव्या उचललेल्या माझ्या डाव्या हाताला हे अजून सांगितलेलं नाही.