अहवालात नसलेला उच्छ्वास

विकास प्रस्तावांची वारसाविषयक छाननी करताना मी आधी अहवाल वाचते आणि मग जागेवर जाते. त्या दिवशी हा क्रम उलटा असता तर बरे झाले असते.

प्रस्ताव सात मजली निवासी इमारतीचा होता आणि तिच्याखाली वाहनतळासाठी दोन तळघरे होती. भूखंडाच्या हद्दीपासून साठेक मीटरवर संरक्षित यादीतला एक जुना दगडी तलाव होता. सल्लागारांनी इकोमॉस या वारसा-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतील पद्धतीने तक्ता मांडला होता. त्यात वारशाचे मूल्य आणि बदलाची तीव्रता यांचा मेळ घालून परिणाम किती गंभीर, ते ठरवतात. निष्कर्ष होता ‘किरकोळ’. सोबत तलावाच्या काठावरून इमारत कशी दिसेल, याची संगणकावर तयार केलेली छायाचित्रे होती. ती रुंद कोनाच्या भिंगाने घेतलेल्या फोटोंवर बेतलेली असल्यामुळे इमारत प्रत्यक्षापेक्षा बरीच दूर वाटत होती. ही चलाखी आता आम्हाला पाठ आहे, त्यामुळे त्यावर शेरा मारून मी भूखंडाकडे वळले.

गवतात कमरेएवढा उंच एक चौकोनी दगडी खांब उभा होता. मोजणीच्या नकाशावर तो ‘पडके बांधकाम’ म्हणून नोंदलेला होता. त्याच्या माथ्यावरची शिळा अर्धवट सरकलेली होती. फटीवर तळहात धरला, तेव्हा खालून गार, ओलसर हवा आली. आतल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्याच्या पातळीच्या रेषा एकाखाली एक उमटल्या होत्या, आणि सर्वांत खालची रेष अजून ओली होती. तेथील वयस्कर वॉचमन म्हणाले, “मॅडम, रात्री सगळं शांत झालं की यातून पाण्याचा आवाज येतो.”

तो जमिनीखालून जाणाऱ्या बंदिस्त नळाचा उच्छ्वास होता. अशा नळांतील कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि साफसफाईसाठी आत उतरता यावे, म्हणून ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधत. नळाचा रोख तलावाकडे असेल, तर दोन तळघरांच्या खोदाईत तो तुटणार होता. तो वाचला तरी खोदाई कोरडी ठेवण्यासाठी सतत पाणी उपसले जाणार आणि भूजलाची पातळी खाली जाणार. मग तलाव आटण्याचा आणि त्याच्या भिंतींखालची माती खचण्याचा धोका होताच. तक्त्यात यातले काहीच नव्हते, कारण तिथे फक्त दिसणारा परिणाम मोजला होता.

येथे मला एक कबुली द्यावी लागेल. अभ्यासाची व्याप्ती ठरवणाऱ्या पत्रावर सही माझीच होती आणि त्यात मी ‘दृश्य परिणाम’ एवढेच लिहिले होते. २००९ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेनच्या एल्बे खोऱ्याचे नाव तिथले दृश्य बिघडवणाऱ्या एका पुलापायी जागतिक वारसा यादीतून वगळले गेले, तेव्हापासून माझे लक्ष क्षितिजरेषेवर जरा जास्तच खिळलेले आहे.

सल्लागारांवर खापर फोडणे त्यामुळे मला शक्य नव्हते. मी सुधारित पत्र काढले आणि भूजलाचा अभ्यास, हाताने खोदलेले चाचणी खड्डे व रंगद्रव्याची चाचणी यांची मागणी केली. विकासक चिडले, आधीच्या पत्राप्रमाणे सर्व पूर्तता केली होती, हा त्यांचा मुद्दा रास्तच होता.

चाचणीच्या दिवशी सकाळी उच्छ्वासात फ्लुरोसीन हे हिरवे रंगद्रव्य ओतले. दुपारी चारच्या सुमारास तलावाच्या उत्तर भिंतीतील एका सांध्यातून हिरवट धार झिरपू लागली. सल्लागारांनी न बोलता तिचा फोटो काढला आणि तळघरांचा आराखडा परत मागून घेतला.